पत्र्यात कापलेले शहर

शहरात कुठलीच गोष्ट पुरती दिसत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास दादरच्या पादचारी पुलावर उभे राहिले की हे पटते. समोर कुणाच्या तरी खांद्याची कड, तिच्यामागे फुलांच्या पाटीचा अर्धा काठ, पाटीच्या वर लोकलच्या टपाची पट्टी, आणि या सगळ्यांच्या फटींतून तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकणारी एक पिवळी साडी. ती नेसलेली बाई आपल्याला एकदाही सबंध दिसलेली नसते, तरी ती इथून गेली याबद्दल मनात शंका नसते. माळरानावरचा माणूस दुरूनही डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. शहरातला माणूस कायम कशाच्या तरी मागून दिसतो.

हे दिसणे कलेत कसे आणायचे? चित्रकार पुढचा माणूस रंगवतो, मागच्याचा झाकलेला भाग कॅनव्हासवर नसतोच. आपण कितीही मान वळवली तरी तो दिसणार नाही. चबुतऱ्यावर पुतळा उभा करणारा शिल्पकार एका माणसाला चारी बाजूंनी घडवतो, पण गर्दी त्याच्या आवाक्यात सहसा येत नाही. या दोहोंच्या मधली वाट उठावशिल्पाची. ती आपल्याकडे फार जुनी आहे. सांचीच्या तोरणांवर नगरे आहेत, वेशी आहेत, सज्ज्यांतून मिरवणूक पाहायला डोकावणारी माणसे आहेत. इतकी जिवंत गर्दी दगडात क्वचितच कुणी कोरली असेल. पण दगडातला मागचा माणूस पुढच्याला चिकटलेला असतो, त्यांच्यामध्ये हवा खेळत नाही. विसाव्या शतकातल्या काही कलावंतांनी ती हवा आत आणली आणि त्यासाठी हाती घेतला तो साधा पत्रा.

जेरुसलेममध्ये १९४४ साली जन्मलेला डेव्हिड गेर्स्टाइन हा यांपैकी एक. त्याच्या कृती आज अनेक देशांतल्या घरांत, कार्यालयांत आणि चौकांत दिसतात. बेझालेल या तिथल्या प्रसिद्ध कलाशाळेत, पुढे पॅरिस, न्यूयॉर्क आणि लंडन इथे तो शिकला, आणि शिकला तो मुख्यतः चित्रकला. १९८०च्या दशकात त्याला चौकट जाचू लागली. त्याने आपल्या चित्रांतल्या वस्तू आणि माणसे कडेकडेने कापून मोकळी केली आणि भोवतालची पार्श्वभूमी सरळ टाकून दिली. पुढच्या दशकात तो लेसरने कापलेल्या पोलादी पत्र्याकडे वळला. एकाच कृतीत पत्र्याचे दोन-तीन थर एकापुढे एक, मध्ये बोटभर अंतर, आणि सगळे हाताने रंगवलेले. रस्त्यावरून चालणाऱ्यांची दाटी, एकामागे एक लागलेल्या मोटारी, सायकलस्वारांचे थवे हे त्याचे आवडते विषय. सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस या व्यापारी भागात त्याचे ‘मोमेंटम’ नावाचे १८ मीटरहून उंच रंगीत शिल्प आहे. त्यात माणसे वळसे घेत वरवर धावत जातात. पण मला त्याची खरी ताकद दिवाणखान्याच्या भिंतीवर मावणाऱ्या कृतींत दिसते, कारण त्यांच्यासमोर आपण हललो की त्याही हलतात.

हे हलणे जादूचे नाही. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळचे विजेचे खांब सर्रकन मागे जातात आणि दूरचा डोंगर सोबत चालत राहतो, तोच हा प्रकार. शास्त्रात याला लंबन म्हणतात. समजा, पुढचा थर मागच्या थरापासून २ सेंटीमीटर अंतरावर आहे आणि आपण पुढच्या थरापासून २ मीटरवर उभे आहोत. आपण अर्धा मीटर डावीकडे सरकलो, तर पुढचा थर मागच्या थरावरून अर्धा सेंटीमीटर उजवीकडे गेल्यासारखा दिसतो. अर्धा सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ज्या कृतीत माणसाचा चेहराच दोन सेंटीमीटरचा आहे, तिथे तेवढ्या सरकण्याने एक चेहरा टोपीआड जातो आणि दुसरा फटीतून बाहेर येतो. पुलावर जे घडत होते तेच भिंतीवर घडू लागते.

थरांची ही कल्पना एकाच कलावंताला सुचली असे नाही. पिकासोने १९१२ साली पुठ्ठ्याची आणि १९१४ साली पत्रा व तारेची एक गिटार केली. तोवर शिल्प म्हणजे भरीव काहीतरी, कोरलेले किंवा ओतलेले, असे समजले जाई. पिकासोची गिटार मात्र सपाट तुकड्यांची आणि त्यांच्यामधल्या पोकळीची आहे. खऱ्या गिटारीला जिथे भोक असते तिथे त्याने नळीसारखा भाग पुढे काढला. पोकळीही शिल्पाचा माल होऊ शकते हे त्या लहानशा वस्तूने दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या अलेक्स कात्झने १९५९ मध्ये मनासारख्या न उतरलेल्या चित्रातली माणसाची आकृती तेवढी कापून काढली आणि प्लायवुडवर चिकटवली. पुढे तो ॲल्युमिनियमवर अशा आकृत्या रंगवू लागला. सिनेमाच्या नटांचे भव्य हातरंगी ‘कट-आउट’ मद्रासच्या रस्त्यांवर उभे राहिले, त्यांचा आणि कात्झच्या आकृत्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी मागचे सगळे काढून टाकले की आकृती आपल्या जगात उतरते, हे दोन्हीकडच्या रंगाऱ्यांना सारखेच उमगले होते.

शहर आणि थर यांची गाठ घालणारी सगळ्यांत हृद्य गोष्ट मात्र जेम्स रिझी या न्यूयॉर्ककर चित्रकाराची आहे. तो फ्लोरिडात शिकत असताना चित्रकला, मुद्राचित्रण आणि शिल्पकला अशा तीन विषयांची कामे द्यायची वेळ आली, आणि वेळ उरला होता एकाच कामापुरता. त्याने एक मुद्राचित्र दोनदा छापले, हाताने रंगवले, एका प्रतीतले काही भाग कापून तारेच्या आधाराने दुसऱ्या प्रतीवर उचलून बसवले. तिन्ही विषय एकाच कामात झाले. अडचणीतून निघालेली ही वाट त्याने २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाही. त्याच्या कागदी न्यूयॉर्कमध्ये इमारतींना डोळे आणि ओठ आहेत, प्रत्येक खिडकीत कुणीतरी आहे, रस्त्यात बोट ठेवायला जागा नाही. माध्यम कागदाचे असले तरी पत्र्यातल्या शहराचा तो सख्खा भाऊ.

कागद कात्रीने कापता येतो, पत्र्याचे तसे नाही. पत्र्याची कात्री पातळ पत्र्यावर सरळ रेघेत चालते, बारीक वळणावर ती अडते आणि कड दुमडते. गॅस कटरने जाड लोखंड कापता येते, पण कड वितळून ओबडधोबड होते आणि पातळ पत्रा उष्णतेने वाकडा होतो. बोटाच्या टोकाएवढे नाक किंवा सायकलीच्या चाकाचे आरे दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादात कापायचे, तर वेगळेच हत्यार हवे होते. ते हत्यार प्रकाशाचे निघाले, आणि त्याचा उगम शोधत गेलो की आपण बारामतीला पोहोचतो.

कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि तिथून बेल प्रयोगशाळेत. पहिला लेसर थिओडोर मेमनने १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून काढला होता. पटेलांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर बनवला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. नळीत कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन आणि हेलियम भरतात आणि त्यातून वीज सोडतात. वीज नायट्रोजनच्या रेणूंना चेतवते, ते आपली ऊर्जा टकरीतून कार्बन डायऑक्साइडला देतात, आणि तो ती अवरक्त प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पण त्याची ताकद पुष्कळ वाढवता येते, आणि भिंगाने एका बिंदूवर आणला की तो धातू वितळवतो. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये या किरणासोबत प्राणवायूचा झोत सोडून पोलादी पत्रा कापून पाहण्यात आला. किरण लोखंड तापवतो, प्राणवायू ते जाळतो, आणि झोत वितळलेला माल खालून उडवून देतो. मागे उरते ती मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी चीर. पुढची कित्येक दशके जगभरच्या कारखान्यांत धातू कापणारे लेसर प्रामुख्याने याच जातीचे होते. आता त्यांची जागा फायबर लेसर घेत आहेत. मोटारींचे भाग, विजेच्या पेट्या, जिन्यांचे कठडे या सगळ्यांत पटेलांच्या शोधाचा वाटा आहेच. शिल्पकाराला नाकाचे टोक कापता येणे हा त्या शोधाचा एक उपपदार्थ, पण मला तो फार मोलाचा वाटतो.

कलावंत कागदावर ब्रशने किंवा पेनने रेषा काढतो, ती संगणकात जाते, आणि यंत्र तिच्यावरून किरण फिरवते. हाताला झालेला थरकाप, मनगट वळताना रेषेचे जाड होणे, सगळे पोलादात जसेच्या तसे उतरते. यंत्राने कापलेली रेषा यंत्रासारखी दिसेल ही भीती म्हणूनच खोटी ठरली.

एक नियम मात्र यंत्राला मोडता येत नाही आणि कलावंतालाही. एका थरातला कुठलाही तुकडा सुटा राहता कामा नये. सुटा राहिला की तो खाली पडेल. दारात छापाची रांगोळी काढणाऱ्यांना हे ठाऊक असते. छापाच्या पत्र्यात फुलाच्या मधली टिकली कुठूनतरी जोडलेली ठेवावीच लागते. शहराच्या थरात म्हणून प्रत्येक माणूस दुसऱ्या कशाला तरी टेकलेला असतो. याचे कोपर त्याच्या पाठीला, तिच्या पिशवीचा बंद मोटारीच्या टपाला, मोटारीचे चाक कुत्र्याच्या शेपटीला. अशा कृतीसमोर उभे राहून मी नेहमी आधी हे सांधे शोधतो. चांगल्या कृतीत ते सापडतच नाहीत, कारण तिथे माणसे एकमेकांना लागली आहेत ती गर्दी आहे म्हणून, असेच वाटते. कच्च्या कृतीत मात्र दोन आकृत्यांच्या मध्ये एखादी निरर्थक पट्टी दिसते आणि लक्षात येते की इथे कलावंताला माणसे जोडता आली नाहीत, त्याने फक्त पत्रा जोडला.

आता रंग. शिल्पाला रंग देणे म्हणजे त्याचे खेळणे करणे, असा समज अजून सुशिक्षित घरांतून आढळतो. हा समज तसा अलीकडचा आहे. ग्रीक आणि रोमन संगमरवरी मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या. शतकांच्या ऊन-पावसात आणि मातीत रंग गेला आणि अठराव्या शतकातल्या युरोपातल्या रसिकांनी उरलेल्या पांढऱ्या दगडालाच आदर्श मानले. आपल्याकडच्या मंदिरांना आणि मूर्तींना रंगाचे वावडे कधीच नव्हते.

शहराच्या रंगाची गोष्ट तर मोटारीपासून सुरू होते. फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून दहा-अकरा वर्षे फक्त काळ्या रंगात निघत होती. इतर मोटारींचे रंगकाम आठवडेच्या आठवडे चाले, कारण तेलमिश्रित रंगाचा प्रत्येक हात सुकायला वेळ लागे. ड्युपॉन्ट कंपनीने १९२३च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजचा झटपट सुकणारा रंग आणला आणि त्याचे नाव ठेवले ‘ड्युको’. आठवड्यांचे काम तासांवर आले, आणि रस्त्यांवर निळ्या, हिरव्या, लाल गाड्या धावू लागल्या. मूळ रसायन आता मागे पडले तरी हे नाव आपल्या कारागिरांच्या तोंडी टिकले आहे. कपाटाला ‘ड्युको मारून देतो’ असे सांगणारा रंगारी आजही भेटतो. हाच ड्युको मेक्सिकोचा भित्तिचित्रकार सिकेरोस याने चित्रासाठी वापरला. आधुनिक शहराचे चित्र आधुनिक शहराच्याच मालाने काढले पाहिजे असा त्याचा आग्रह होता. १९३६ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये प्रयोगशाळेसारखी एक कार्यशाळा चालवली, तिथे हे कारखानी रंग शिंपडून, ओतून, ओघळू देऊन पाहिले जात. त्या कार्यशाळेत येणाऱ्यांत तरुण चित्रकार जॅक्सन पोलॉकही होता. पोलादी भित्तिशिल्पांसाठी आज वापरतात ते मोटारीचे रंग याच वंशातले. ज्या रंगाने रस्त्यावरची टॅक्सी रंगली, त्याच जातीच्या रंगाने भिंतीवरची टॅक्सी रंगते. यात मला एक सच्चेपणा वाटतो.

रंगकामाचा क्रम कुठल्याही फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये चालतो तसाच असतो, फरक शेवटच्या टप्प्याचा. लेसरवरून आलेल्या पत्र्याच्या कडांना बारीक बर, म्हणजे कापताना उरलेली खरखर, असते, ती कानशीने काढतात. कड अगदी धारदार ठेवून चालत नाही. ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो, तिथे त्याचा थर पातळ पडतो, आणि पहिला गंज नेमका तिथेच धरतो. म्हणून कड किंचित गोलसर करतात. मग तेलाचा अंश पुसून, पॉलिश पेपर मारून, प्रायमर देतात. पुढून जेवढी काळजी तेवढीच मागून घ्यावी लागते, कारण भिंतीकडची बाजू कुणी पाहत नसले तरी पावसाळ्यातली ओल तिथेही पोहोचते. मुंबई-कोकणात अशी कृती लावणाऱ्याने हे विसरू नये. जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा मात्र रंगाऱ्यांना नको असतो. गुळगुळीत जस्तावर रंग धरत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात.

इथपर्यंत सगळे यंत्रानेही होईल. पावडर कोटिंग करून भट्टीत घातले तर रंग अधिक टिकाऊ आणि एकसारखा येईल. तरी हे कलावंत ब्रश हाती घेतात, आणि ते का घेतात हे कृतीजवळ जाऊन पाहिले की कळते. ब्रशचा फटकारा कोटाच्या बाहीवरून सुरू होतो आणि बाही संपली तरी थांबत नाही, कडेवरून तसाच बाहेर जातो. जणू त्याचा उरलेला भाग हवेत आहे. चेहऱ्याचा अर्धा भाग जांभळा, अर्धा पिवळा, आणि त्यांच्या मध्ये ओला रंग ओल्यात मिसळून आलेली तिसरीच छटा. फ्रेंच चित्रकार मातीस् आधी कागद रंगवून घेई आणि मग कात्रीने आकार कापी, त्याच्याकडे कात्रीच शेवटचा शब्द बोलते. इथे क्रम उलटा आहे. आकार आधीच ठरून, कापून, कडक होऊन आलेला असतो, आणि त्याच्यावर ब्रशला पूर्ण मोकळीक असते. एकाच रेखाटनाच्या ठरावीक प्रती कापल्या जातात, पण हाताने रंगवल्यामुळे कुठल्याही दोन प्रती सारख्या होत नाहीत. एकाच साच्याच्या चाळीतल्या दोन खोल्यांसारखेच ते, बांधणी तीच आणि आतला संसार वेगळा.

रंगीत पत्र्याच्या या गोष्टीत अहमदाबाद दोनदा येते. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर, ज्याने रंगवलेल्या पत्र्याची पाने तारेला टांगून ती वाऱ्यावर डोलायला लावली, तो १९५५ मध्ये साराभाई कुटुंबाचा पाहुणा म्हणून तिथे आला आणि काही शिल्पे तिथेच करून गेला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्रँक स्टेला हा चित्रकारही साराभाईंकडेच आला. त्याला तिथे डब्यांसाठी छापलेल्या पत्र्याचे टाकाऊ काप मिळाले, अक्षरे आणि रंग आधीच उमटलेले. त्या कापांतून त्याने लहान नमुने जुळवले आणि त्यांवरून पुढे ॲल्युमिनियमची प्रचंड, भडक रंगांची, भिंतीतून अंगावर येणारी मालिका केली. तिचे नाव ‘इंडियन बर्ड्‌स’. त्यातल्या कृतींना नावे आहेत ‘कस्तुरा’, ‘राम गंगरा’, ‘जंगली कौवा’. सलीम अलींचे पुस्तक घेऊन पक्षी पाहत हिंडलेल्यांना ही नावे ओळखीची वाटतील. स्टेलाच्या पक्ष्यांत चोच किंवा पंख शोधून सापडत नाहीत. सापडते ते भारतीय बाजारातल्या छापील डब्यांच्या रंगांचे धाडस, जे त्याने मनापासून उचलले.

या सगळ्या कलेवर माझा एक आक्षेप आहे. पत्र्यातल्या शहरात बहुधा सगळे आनंदात असतात. छत्र्या उघडतात त्या रंग दिसावेत म्हणून, मोटारी खोळंबतात त्या ओळ सुंदर दिसावी म्हणून. घामेजलेला, उशीर झालेला, दिवसभर उभा राहून पाय सुजलेला माणूस तिथे क्वचित भेटतो. हॉटेलांच्या लॉबीत एकापाठोपाठ एक अशा कृती पाहिल्या की मन विटते, आणि रंग भडक केला की शहर झाले अशा समजुतीने केलेल्या नकला तर पुष्कळच आहेत. म्हणून मी अशा कृतीतले रंग नंतर पाहतो, आधी तिच्यातली भोके पाहतो. दोन माणसांमधली मोकळी जागा विचार करून ठेवली आहे का? त्या जागेतून मागच्या थरातले काय दिसते? ज्याने खरी गर्दी अंगावर घेतली आहे तो भोके बरोबर ठेवतो. गर्दीत आपल्याला वाट दिसते ती त्याच जागांतून.

आणि भोकांतून शेवटी दिसते ती भिंत. तिचाही कृतीत वाटा असतो, म्हणून कृती भिंतीला चिकटवून लावू नये. मागे दोन-तीन सेंटीमीटरचे ठोकळे देऊन ती पुढे धरावी. पांढरी किंवा अगदी फिकी भिंत सर्वांत बरी. छताकडून तिरपा येणारा एकच दिवा असला तर भिंतीवर एकच स्वच्छ सावली पडते. दोन बाजूंनी दोन दिवे लावले की प्रत्येक माणसाच्या दोन फिक्या सावल्या होतात आणि गर्दी दुप्पट होते. काही कलावंत पत्र्याची मागची बाजू मुद्दाम नारिंगी किंवा गुलाबी रंगवतात. तो रंग समोरून दिसत नाही, पण उजेड त्याच्यावर आपटून भिंतीवर परततो आणि आकृतीच्या कडेला भिंतीवर एक मंद झाक उमटते, दुकानांच्या पाट्या लागल्यावर ओल्या रस्त्यावर उमटते तशी.

खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर असे शहर लावले असेल, तर ते दिवसभर पाहावे. सकाळी ऊन तिरके येते तेव्हा सावल्या लांबून एका बाजूला सरकतात आणि सगळी माणसे कामावर निघाल्यासारखी वाटतात. दुपारी सावली आकृतीच्या पायाशी गोळा होते. संध्याकाळी खोलीत दिवा लावायच्या आधी काही मिनिटे अशी असतात, की पत्र्यावरचे रंग विझत जातात, आधी लाल, मग पिवळा, निळा जरा जास्त तग धरतो, आणि त्यानंतर माणसे, मोटारी, खिडक्या आणि त्यांच्या सावल्या एकमेकांत मिसळून भिंतीवर फक्त एक दाट, काळी, हलल्यासारखी वाटणारी रेघ उरते.